टेलपर्यंत तेल

पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. अंबड, घनसावंगी, पाथरी असं करत तो परभणीकडे उतरतो. या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला ज्याचं शेत आहे, त्याला नाथसागर किती टक्के भरला हे सांगून उपयोग नसतो. वाटेतली एखादी चारी फुटली, कुठे गाळ साचला, कुणी दार अर्धं उघडं ठेवलं की त्याचं पीक वाळतं. धरण भरलेलं असूनही वाळतं.

जुन्या कास्ट आयर्न, म्हणजे बिडाचा सिलिंडर असलेल्या, बुलेट मोटारसायकलचं इंजिन घरी बांधायचं ठरवलं की हाच हिशेब डोक्यात ठेवावा. ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी. नटबोल्ट आवळणं हे या कामातलं सगळ्यात सोपं. इंजिनात सव्वादोन लिटर तेल ओतणंही सोपं. ते तेल शेवटच्या रॉकरपर्यंत, म्हणजे वरती व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीपर्यंत, पोचेल अशी वाट मोकळी ठेवणं हे खरं काम. नव्याने बांधलेली इंजिनं पुन्हा खोलावी लागतात ती बहुतेक वेळा या वाटेत कुठेतरी अडथळा राहिल्यामुळे. भाग महाग होते की स्वस्त, याने फार फरक पडत नाही.

वाट अशी आहे. बुलेटला तेलाची वेगळी टाकी नाही. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच, मागच्या कप्प्यात तेल असतं. टायमिंग कव्हरमध्ये, म्हणजे कॅमचे गिअर झाकणाऱ्या झाकणात, प्लंजरचे दोन पंप असतात. एक तेल ओढून फेल्टच्या फिल्टरमधून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या शाफ्टच्या, टोकात ढकलतो. तिथून ते क्रँकच्या आतल्या भोकांमधून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या मोठ्या टोकाला जातं, बिग एंडच्या कडांतून उडतं आणि सिलिंडरच्या भिंती, पिस्टन, त्याला रॉडशी जोडणारी गजन पिन यांना भिजवतं. खाली साचलेलं तेल दुसरा पंप उचलतो. या परतीच्या पंपाची ताकद पहिल्यापेक्षा जास्त ठेवलेली असते, नाहीतर खालचा भाग तेलाने भरून जाईल. परतीच्या तेलातूनच बाहेरच्या बारीक नळ्यांनी रॉकरला तेल मिळतं. म्हणजे रॉकर हे टेलचं शेत. सगळ्यांचं भागल्यावर त्याची पाळी.

म्हणून पहिला आठवडा फक्त धुण्याचा. रेशनचं रॉकेल आता मिळत नाही, तेव्हा डिझेल वापरायचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने ॲल्युमिनियमचे भाग धुवू नयेत. पाणी इतकं जड आहे की सुकल्यावर पांढरा थर धरतं आणि तो थर नेमका बारीक भोकांच्या तोंडाशी बसतो. क्रँककेसमधलं, टायमिंग कव्हरमधलं, क्रँकमधलं एकेक भोक तारेने मोकळं करायचं, डिझेलची पिचकारी मारायची आणि मग हवा मारायची. पंक्चरच्या दुकानातली हवा चालते, पण त्या टाकीत पाणी साठलेलं असतं. आधी थोडी हवा मोकळी सोडून द्यावी, म्हणजे पाण्याचे थेंब आधी निघून जातात. जुनं बिग एंड फुटलेलं असेल तर धातूचा चुरा सगळ्या वाटांमध्ये पसरलेला असतो. नवं बिग एंड टाकून जुना चुरा आत ठेवला तर तो चुरा पहिल्या शंभर किलोमीटरांत नव्यालाही खातो. दुरुस्ती झाली आणि महिन्याभरात तोच आवाज परत आला, अशा तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच सापडतं.

पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नये. त्याचे धागे सुटतात, तेलात फुगतात आणि भोकाच्या तोंडाशी अडकतात. अनेकदा धुतलेलं जुनं सुती धोतर याला उत्तम. त्याचे सुटायचे ते धागे आधीच सुटून गेलेले असतात.

कुठल्या ऋतूत बांधायचं, यालाही मराठवाड्यात महत्त्व आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, घरात कूलर चालू असतो. कूलरची हवा ओली असते आणि सोबत बाहेरची धूळ आणते. त्या खोलीत उघडं ठेवलेलं बेअरिंग किंवा पुसून कोरडा केलेला सिलिंडर रातोरात लाल पडतो. शिवाय मापं बदलतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. उन्हाने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ७० मिलिमीटरच्या बोअरमध्ये २० अंशांच्या फरकाने पिस्टन आणि सिलिंडरमधली फट साधारण दीड शतांश मिलिमीटरने कमी भरते. डिसेंबरमध्ये बरोबर वाटलेली फट मे महिन्यात घट्ट वाटेल. फिलर गेजवर (फट मोजायच्या पात्यांवर) भांडण करण्याआधी हे लक्षात घ्यावं. दिवाळीनंतर, कापूस वेचणी संपत आलेली असते तेव्हाचे दोन-तीन महिने या कामाला चांगले. हवा कोरडी, धूळ कमी, हात घामेजत नाहीत.

घरी काय करायचं आणि काय नाही, हे आधी ठरवावं. सिलिंडर बोअर करणं, व्हॉल्व्हच्या सीट कापणं आणि क्रँकची दोन फ्लायव्हील जोडून सरळ करणं ही तीन कामं लेथवाल्याकडे. यात कमीपणा नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, आणि त्याच्या आजूबाजूला उभ्या राहिलेल्या छोट्या वर्कशॉपांमुळे छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात शतांशात काम करणारे हात मिळतात. त्यांना फक्त माप नेमकं सांगावं लागतं. "क्रँक बघून द्या" असं म्हणू नये. "दोन्ही शाफ्टवर डायल लावून ०.०५ मिलिमीटरच्या आत फरक पाहिजे," असं म्हणावं आणि डायलचा काटा आपल्या डोळ्यांनी पाहावा. क्रँक परत आली की कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहायचा. त्या दिशेने थोडीही ठक ठक नको. रॉड आडव्या दिशेने किंचित हलला तर चालतो. नव्याने हात घालणारे याच हालचालीने घाबरून चांगलं बिग एंड बदलायला लावतात.

क्रँककेसमध्ये (पुढे नुसतं केस) बेअरिंग बसवताना हातोडा दूर ठेवावा. जाड लोखंडी तव्यावर केस ठेवून मंद आंचेवर तापवायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून लगेच उडाला पाहिजे. म्हणजे शंभर अंशांच्या आसपास आली. थेट ज्वाला लावली तर केस एका बाजूने तापून वाकते. तोवर बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये दोन तास. मग ते सरळ धरून सोडलं की स्वतःच्या वजनाने घरात उतरतं. वाकडं उतरलं तर ठोकू नये, केस पुन्हा तापवून बाहेर काढावं. ठोकायची वेळ आलीच तर फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर मारलेला घाव गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात. ते दिसत नाहीत, पण गाडी पळायला लागली की घरघर ऐकू येते.

केसचे दोन भाग जोडताना पॅकिंग नसतं, फक्त सीलंट असतं. आणि इथेच तेलाच्या वाटेवर पहिलं संकट येतं. सीलंटचा थर कागदाइतका पातळ हवा, आतल्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. जाड लावलेला सीलंट आवळल्यावर दोन्ही बाजूंना दबतो. बाहेर आलेला दिसतो, आपण तो पुसतो. आत आलेला दिसत नाही. तो वाळतो, सुटतो आणि पंपाच्या तोंडापर्यंत तरंगत जातो. टायमिंग कव्हरच्या कागदी पॅकिंगचंही तसंच. बाजारातल्या काही पॅकिंगांना तेलाची भोकं नीट कापलेली नसतात. पॅकिंग कव्हरवर ठेवून उजेडाला धरावं, प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. त्या पॅकिंगला सीलंट लावू नये; किंचित ग्रीस पुरे.

जोडल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायची. एका जागी अडत असेल आणि इतर ठिकाणी मोकळी असेल तर क्रँक वाकडी आहे. सगळीकडे सारखीच जड असेल तर बेअरिंग तळाशी बसलेलं नाही किंवा शिमचा (फट भरणाऱ्या पातळ चकत्यांचा) हिशेब चुकलाय. दोन्ही वेळा केस पुन्हा उघडावी. इथे वाचवलेली दोन तासांची मेहनत पुढे पूर्ण इंजिन खोलून फेडावी लागते.

टायमिंगच्या बाजूला माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा. क्रँकच्या टोकावर पंप फिरवणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर असतो आणि तो उलट्या आट्यांचा आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी क्रँकची टोकं चिरडली गेली आहेत. माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावत राहतो आणि वर्म आणखी आवळत जातो. गिअरांवरच्या खुणा समोरासमोर आणून कॅम बसवायचे, मग इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. कुठेही कठीण लागता कामा नये.

पंप मात्र सोडवून पाहिल्याशिवाय परत लावू नयेत. प्रत्येक पंपात स्प्रिंगने दाबलेली एक डिस्क असते आणि ती आपल्या बैठकीवर सपाट फिरली पाहिजे. वर्षानुवर्षांच्या घाणीने त्या बैठकीवर चरे पडतात. मग पंप फिरतो, पण तेल पुढे ढकलण्याऐवजी मागे सोडतो. अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून डिस्क बैठकीवर आठाच्या आकारात घासायची, सगळीकडे एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत. नंतर ती पेस्ट काढण्यासाठी घासण्याइतकाच वेळ धुवायचं, कारण उरलेली पेस्ट तेलाबरोबर थेट बिग एंडला जाते. ज्या बुलेटमध्ये रात्रभर उभी ठेवल्यावर तेल खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या किकला निळसर-पांढरा धूर निघतो, तिच्या पंपाची ही बैठक आधी तपासावी. लोक रिंगा बदलतात. दोष पंपाच्या डिस्कमध्ये असतो.

क्रँकच्या टोकासमोर कव्हरमध्ये एक मोठा प्लग असतो आणि त्याच्या आत बुचाचं वॉशर. इतकं क्षुल्लक दिसतं की लोक जुनंच ठेवतात. पण पंपाकडून आलेलं तेल क्रँकमध्ये शिरतं ते इथे, आणि हे वॉशर आखडलं असेल तर तेल क्रँकमध्ये जाण्याऐवजी बाजूने टायमिंगच्या खोलीत सांडतं. वरून सगळं ठीक दिसतं. कप्प्यात तेल आहे, परतीचं तेल येतंय. फक्त बिग एंड उपाशी असतं. नवं वॉशर तेलात भिजवून लावावं. फिल्टरचा फेल्टही नवा आणि भिजवलेला हवा, आणि त्याच्या टोकांचे वॉशर काढले तसेच, त्याच क्रमाने. काढतानाच फोटो घेऊन ठेवणं याला पर्याय नाही.

कव्हर बसवताना पंपाच्या दांड्याचे दात वर्ममध्ये आपोआप जुळत नाहीत. कव्हर बोटाने दाबत क्रँक किंचित पुढे-मागे फिरवायची. दात जुळले की कव्हर स्वतःहून आत जातं. स्क्रूने ओढून बसवलं तर दात खचतात.

वरचं काम त्या मानाने सरळ आहे. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच सिलिंडरमध्ये सरकवायची, पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि तोंडातली फट मोजायची. ०.३० ते ०.४० मिलिमीटर. कमी असेल तर बारीक कानशीने घासून वाढवायची, कारण तापल्यावर तोंडं एकमेकांना भिडली तर रिंग सिलिंडर ओरबाडते. तिन्ही रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत, १२० अंशांवर फिरवायची. गजन पिनचे लॉक नेहमी नवे. लावताना क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबलेलं असावं. उडालेला लॉक आत पडला तर केस पुन्हा उघडण्यावाचून मार्ग नाही.

व्हॉल्व्ह घासून झाले की हेड उलटं धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं. पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली नाही तर घासणं पुरेसं झालं. हेडचे नट तिरक्या क्रमाने, तीन टप्प्यांत. बुलेटची मूळ रचना इंग्लंडच्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला बनायला लागली तेव्हा इंची आटेही सोबत आले. म्हणून जुन्या गाडीच्या बऱ्याच बोल्टांना मिलिमीटरचा नट दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे पान्याला नळी लावून जोर काढणाऱ्याने स्टडही घालवला आणि ॲल्युमिनियमचे आटेही. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त आवळायला.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांमधली फट, थंड इंजिनावरच जुळवायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, खालच्या झाकणातून पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आवाज बंद करण्याच्या हट्टाने टॅपेट घट्ट करू नयेत. किंचित टिकटिक करणारा व्हॉल्व्ह जगतो. आवाज नसलेला घट्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि कडेने जळतो.

पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्विचची, फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगी पडण्याची वेळ म्हणजे ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी. हे माप स्पार्क प्लगच्या भोकातून स्पोक घालून काढणं मला पटत नाही. प्लगचं भोक तिरकं आहे, आणि वरच्या टोकाजवळ पिस्टन इतका हळू सरकतो की ०.८ मिलिमीटर म्हणजे क्रँकचे जवळपास १० अंश. मापात पाव मिलिमीटरची चूक झाली तर दीड अंश गेला. पुठ्ठ्यावर ३६० अंशांची चकती काढून ती क्रँकवर लावावी. प्लगच्या भोकात पिस्टनला हळूच थांबवणारा अडसर घालून इंजिन एका दिशेला टेकेपर्यंत आणि मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवायचं. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये वरचं टोक. पॉइंट कधी उघडतो हे पाहायला वेगळा दिवा लागत नाही. चावी लावली की ॲमीटरचा काटा किंचित खाली झुकतो आणि पॉइंट उघडताक्षणी शून्यावर येतो.

प्रायमरीचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं, काम लवकर आटोपतं. चेनला मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर झोळ, रोटर स्टेटरला कुठेही घासत नाही याची खात्री. कव्हर एकाच मधल्या नटवर बसतं, तेव्हा गळती थांबवण्यासाठी तो नट ताकदीने आवळू नये. कव्हर वाकतं आणि गळती वाढते. रबर सील बदलावं. ब्रीदरचं रबर कडक झालेलं असेल तर तेही बदलावं. केसमधला दाब बाहेर जाऊ शकला नाही तर तो प्रत्येक सांध्यातून तेल ढकलतो आणि मग दोष पॅकिंगवर येतो.

आता तेल. २०डब्ल्यू-५० घालून, स्पार्क प्लग काढून ठेवायचा आणि क्रँकसमोरचा मोठा प्लग सैल करायचा. किक मारत राहायचं. सुरुवातीला काही येत नाही. पंपात हवा असते, वीस-तीस किका जाऊ शकतात. मग त्या प्लगच्या कडेने तेल पाझरायला लागतं. ते दिसेपर्यंत पेट्रोलचा कॉक उघडू नये. एवढी एक गोष्ट पाळली तरी नवं बिग एंड वाचतं.

इंजिन सुरू झालं की हळू आयडलवर ठेवायचं आणि रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा. एक मिनिटात तिथे तेल आलं नाही तर इंजिन बंद. आलं तर बोल्ट आवळायचा, दोन मिनिटं चालू ठेवायचं, बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा पाहायचे.

पहिले ५०० किलोमीटर ताशी ४०-५० च्या आत. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला ओढायला लावू नये, आणि तासभर एकाच वेगाने पळवूही नये. ५०० ला तेल काढायचं ते गाडी गरम असताना, पांढऱ्या थाळीत. थाळी उन्हात धरून हलवली की तेलात अगदी बारीक राखाडी झाक दिसते. नव्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसल्याची ती धूळ असते. बोटांच्या चिमटीत काही टोचलं, किंवा पितळेसारखे पिवळे तुकडे चमकले, तर थाळी तशीच बाजूला ठेवायची आणि क्रँकसमोरचा तो प्लग पुन्हा उघडून आधी बुचाचं वॉशर पाहायचं.